हा राग कुणाचा?

जपानातल्या हरिमा प्रांतातलं अबोशी हे समुद्रकाठचं गाव. साल १६९०, हिवाळा. र्‍योमोन-जी मठाच्या फाटकातून तुम्ही आत शिरता, पण तुमच्या डोक्यात अबोशीही नाही आणि १६९०ही नाही. डोक्यात आहे कालची ऑफिसातली मीटिंग. तुम्ही एक सूचना मांडलीत, कुणी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. दहा मिनिटांनी तीच सूचना दुसऱ्या कुणी मांडली, तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. तीनशे वर्षांहून जास्त मागे आलात, तरी ते तुमच्याबरोबर आलंच. गळा आवळतो, छातीत धग उठते आणि पाठोपाठ वाक्यं सुरू होतात: मला कुणी मोजतच नाही, माझ्या बाबतीत नेहमी हेच होतं, उद्या सगळ्यांदेखत सुनावतोच.

असू द्या. ते बरोबर घेऊनच चला. या प्रवासाला तेवढं सामान पुरे आहे.

आवारात दाटी आहे. हिवाळी साधनासत्रासाठी देशभरातून भिक्षू आले आहेत, नोंद १६८३ जणांची झाली आहे. रिन्झाई आणि सोतो हे झेनचे पंथ तर आहेतच, शिंगोन, तेंदाई अशा झेनबाहेरच्या पंथांचेही लोक आहेत. त्यांच्यामागे शेतकरी, व्यापारी, सामुराई, घरच्या कामांतून वेळ काढून आलेल्या बायका. याच थंडीत आपल्याकडे राजाराम महाराज जिंजीच्या किल्ल्यात आहेत, बाहेर मोगलांचा वेढा पडला आहे. समर्थांना जाऊन आठ-नऊ वर्षं झाली आहेत, आणि दासबोधाच्या नकला हाताने उतरवल्या जात आहेत. तो ग्रंथ ध्यानात ठेवा, पुढे मुंबईत आपल्याला भेटायचा आहे.

आसनावर बसलेले बांकेई योताकू सत्तरीला टेकले आहेत. प्रकृती तरुणपणापासून नाजूक, आवाज थकलेला, पण बोलणं सरळ. तुम्हाला त्यांची भाषा समजेल एवढी सवलत या प्रवासात मी घेतो. तशी ती तिथल्या शेतकऱ्यालाही समजते. झेनच्या मठांत प्रतिष्ठा होती चिनी ग्रंथांतल्या वचनांना. बांकेई मात्र रोजच्या बोलीत बोलतात, पोथीचा आधार देत नाहीत आणि जुनी कोडी सोडवायला देत नाहीत. ज्ञानोबा-एकनाथांच्या वाचकाला ही वृत्ती ओळखीची वाटेल. स्त्रीला बुद्धत्व नाही असं ऐकून खचलेली बाई उठून प्रश्न विचारते, तेव्हा ते तिला सांगतात की या बाबतीत बाई आणि पुरुष असा फरकच नाही. त्यांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. आज आपल्या हाती आहे ते ऐकणाऱ्यांनी टिपून ठेवलेलं.

आज ते स्वतःची हकीकत सांगत आहेत. वडील लहानपणीच गेले. शाळेत कन्फ्यूशियसच्या परंपरेतला ग्रंथ शिकवताना ‘उज्ज्वल सद्गुण’ असा शब्द आला. हे म्हणजे नक्की काय, असं पोराने विचारलं. पंतोजींना सांगता आलं नाही, इतर पंडितांनाही नाही. त्या एका प्रश्नापायी शाळा सुटली, थोरल्या भावाने घराबाहेर काढलं. मग वर्षानुवर्षं भटकंती, उपास, मठ. शेवटी एका लहानशा खोपटात स्वतःला कोंडून घेतलं, दार लिंपून टाकलं, जेवण आत सरकवण्यापुरतं भोक ठेवलं. बसून बसून कुल्ले सोलवटले, रक्त येऊ लागलं, तरी उठले नाहीत. क्षयाने गाठलं. अन्न जाईना. आता मरतो, असं वाटत असताना एके दिवशी घशात काही दाटलं, ते भिंतीवर थुंकले. रिठ्याएवढा काळा गोळा भिंतीवरून घरंगळत खाली आला. आणि त्याच घटकेला उमगलं, की ज्याच्यासाठी हाडं झिजवली ते आधीपासून इथेच आहे. ते कधी जन्मलंच नाही, म्हणून मिळवायचं उरलंच नाही. यालाच बांकेई अजन्मा बुद्धचित्त म्हणतात. वय होतं सव्वीस. नोकराला हाक मारून त्यांनी पेज करायला सांगितली.

इतकं सोसलेला माणूस आता समोरच्या गर्दीला बजावतो, की माझ्यासारखं करू नका, त्याची गरज नव्हती. मला बांकेईंच्या चरित्रातली ही जागा सगळ्यांत मोठी वाटते. स्वतःच्या तपश्चर्येचं मोल शिष्यांकडून वसूल न करणारे गुरू कुठल्याही देशात विरळाच.

आता एक भिक्षू उठतो. जन्मापासून मी तापट आहे, तो म्हणतो. गुरूंनी किती वेळा समजावलं, मलाही पटतं, पण स्वभावच असा, जात नाही. काय करू?

तुम्ही कान टवकारता.

बांकेई म्हणतात, जन्माबरोबर मोठीच गंमतीची वस्तू घेऊन आलास. आत्ता आहे का ती तुझ्याकडे? असेल तर इथे काढ, लगेच बरी करून देतो.

भिक्षू चाचरतो. आत्ता नाहीये. काही कारण घडलं की एकदम येते.

मग ती जन्मापासूनची कशी, असं बांकेई विचारतात. जन्मापासूनची असती तर आत्ताही असती. कुणी काही बोलतं, तुझ्या मनासारखं होत नाही, तू स्वतःची बाजू घट्ट धरतोस आणि त्या घटकेला राग तयार करतोस. वर तो आईबापांनी दिला म्हणून सांगतोस. आईबापांनी तुला एकच गोष्ट दिली, ते अजन्मा बुद्धचित्त. बाकीची भर तुझी.

भिक्षू खाली बसतो. तुम्ही मात्र आतून वादाला उभे राहता. ठीक आहे, त्याचा राग आत्ता नाही, माझा आहे. दाखवू?

दाखवा. मीटिंग मुद्दाम आठवा. घाई नको.

आधी चित्र येतं: लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, समोरच्याची मोबाइलवर झुकलेली मान. मग गळा आवळतो. इथवर एक चित्र आहे आणि एक आवळणं आहे, तक्रार अजून कुणाचीच नाही. मग वाक्य उमटतं: मला किंमत नाही. आता इथेच थांबा. हे वाक्य तुम्ही ठरवून रचलंत का? ते येणार हे अर्ध्या क्षणापूर्वी तुम्हाला ठाऊक होतं? पुढचं कोणतं येणार, हे आत्ता सांगता येईल? येत नाही. ते आपसूक उमटलं, जसं आवळणं आपसूक झालं. आणि ते उमटून गेल्यावर मागाहून आणखी एक विचार आला, ज्याने म्हटलं की हे माझं, मला वाटलं, मी दुखावलो. मालकी सांगणारा हा सगळ्यांत शेवटी पोचला, आणि पहिल्यापासून आपणच इथे होतो असं ठासून सांगू लागला. त्याच्याकडे नीट पाहायला जावं तर तोही एक वाक्यच निघतो. त्याच्यामागे बसलेला कुणी हाती लागत नाही.

हे पाहणं फार तर दोन-तीन क्षणांचं असतं. ते निसटतं, पुन्हा वाक्यांची रांग लागते. निसटू द्या.

इतक्यात मठाबाहेर कावळा ओरडतो. बांकेई बोलता बोलता त्याच्याकडेच लक्ष वेधतात. तुम्ही इथे आलात ते माझं बोलणं ऐकायला. कावळा ऐकायचा असं कुणीच ठरवलं नव्हतं. तरी तो ऐकू आला, आणि तो कावळाच होता, चिमणी नव्हती, हेही चुकलं नाही. प्रयत्न करावा लागला नाही. ‘मी ऐकतो’ असा विचार यायच्या आधीच ऐकणं पुरं झालं होतं. याच चित्तात राहा, ते म्हणतात. नवीन काही मिळवू नका, फक्त त्याची अदलाबदल रागाशी, हव्यासाशी करून बसू नका.

कुणीतरी विचारतोच: मग येणारे विचार थांबवायचे कसे? बांकेईंचं उत्तर मला आजच्या साधकांसाठी फार मोलाचं वाटतं. थांबवायला जाणारा विचार हाही विचारच. रक्ताचा डाग रक्ताने धुवायला घेतला तर पहिला निघेलही, पण कापड लालच राहील. विचार आले तर येऊ द्या, गेले तर जाऊ द्या. त्यांना धरू नका आणि हाकलूही नका.

ध्यानाला बसणारी कितीतरी माणसं उठताना खंतावलेली असतात, कारण डोकं रिकामं झालं नाही. डोकं रिकामं करायचं असं सांगितलंय कुणी? डोळ्यांनी पाहणं बंद करावं अशी अपेक्षा आपण करत नाही, मग मनाने विचार करणं बंद करावं असा हट्ट का? प्रश्न विचारांच्या संख्येचा नव्हता आणि नाही. प्रत्येक विचाराला ‘हा मी’ म्हणून कवटाळण्याचा आहे.

१६९३ साली याच मठात बांकेई देह ठेवतील. आपण पुढे निघू.

मुंबई, १९३३. गिरगावाजवळ खेतवाडीत मारुती शिवरामपंत कांबळी नावाचा दुकानदार विड्या विकतो. जन्म मुंबईचा, १८९७ चा. बालपण मालवणजवळच्या कांदळगावात. वडील गेल्यावर पोटापाण्यासाठी मुंबईला आला, काही काळ कारकुनी केली, मग स्वतःचं दुकान टाकलं. एक मित्र त्याला सिद्धरामेश्वर महाराजांकडे घेऊन जातो. हा इंचगिरी संप्रदाय, उमदीच्या भाऊसाहेब महाराजांचा. निंबाळचे गुरुदेव रानडेही त्यांचेच शिष्य. भाऊसाहेबांचा मार्ग दीर्घ नामस्मरणाचा, ज्याला पिपीलिका मार्ग म्हणत: मुंगी झाडाच्या बुंध्यापासून चढत फळापर्यंत जाते. सिद्धरामेश्वरांनी विचाराचा, विहंगम मार्ग सांगितला: पाखरू थेट फळावर उतरतं. या संप्रदायात दासबोधाचं वाचन नित्याचं.

गुरूने दुकानदाराला दिलेला अभ्यास छोटा होता: ‘मी आहे’ या जाणिवेपाशी राहा, दुसऱ्या कशाला मी म्हणू नकोस. कांबळी, कांदळगावचा, विडीवाला, चार मुलांचा बाप ही सगळी त्या जाणिवेवर चढलेली माहिती. ती खोटी नाही, व्यवहाराला लागते. पण ती आठवण्याआधीही तुम्ही असता. सकाळी जाग येते तेव्हाचा पहिला क्षण बघा: नाव अजून आलेलं नसतं, आजची तारीख आलेली नसते, ऑफिसही आलेलं नसतं, असणं मात्र असतं. कांबळी गिऱ्हाईकं सांभाळून फावल्या वेळात या असण्याकडे वळत राहिले. १९३६ च्या नोव्हेंबरात गुरू गेले. वाळकेश्वरला बाणगंगेपाशी त्यांची समाधी आहे. पुढे कांबळी घर सोडून हिमालयाच्या वाटेने निघाले, आणि १९३८ साली परतले, कारण जे आहे ते सोडून जाता येत नाही, ते संसारातही तसंच असतं, असं त्यांना दिसलं. पुन्हा तेच दुकान, तीच गल्ली. नाव मात्र आता निसर्गदत्त महाराज.

१९७२ मध्ये उतरा. खेतवाडीची दहावी गल्ली. चपला खाली काढा, अरुंद उभ्या जिन्याचा कठडा धरून चढा, डोकं सांभाळा. पोटमाळ्याची ही खोली बुटकी, उदबत्तीच्या वासाने भरलेली. भिंतीवर गुरुपरंपरेच्या तसबिरी. महाराज रोज सकाळी स्वतः त्या पुसतात, कुंकू लावतात, हार घालतात. दिवसातून चार वेळा भजन. अद्वैत सांगणाऱ्या माणसाला ही पूजा कशाला, असं परदेशी पाहुण्यांना वाटतं. आपल्याकडच्या कुणाला वाटणार नाही. ज्ञानाच्या घरात भक्ती राहते हे आपण ज्ञानेश्वरीपासून ऐकत आलो आहोत.

कोपऱ्यात टेपरेकॉर्डर मांडून बसलेले वृद्ध गृहस्थ मॉरिस फ्रिडमन. पोलंडमधून आलेले इंजिनिअर. गांधीजींच्या चरख्याच्या कामात हे होते. औंध संस्थानात १९३८-३९ साली राजाकडची सत्ता गावांकडे सोपवणारी राज्यघटना बनली, त्यात राजपुत्र अप्पासाहेब पंतांबरोबर हे होते. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली, तिच्यामागेही हेच होते; तिच्यावरून पुढे व्ही. शांतारामांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट आला. विचारांशी असलेली ओळख सुटली की माणूस निष्क्रिय होतो, हा आक्षेप कुणी घेतला की मला फ्रिडमन आठवतात. त्यांनी आयुष्यभर कामं केली आणि नाव पुढे येऊ दिलं नाही. या टेपांवरून त्यांनी केलेलं इंग्रजी पुस्तक, ‘आय ॲम दॅट’, १९७३ साली निघेल, आणि जगभरचे लोक हा जिना चढू लागतील.

तुम्हाला मात्र दुभाष्या लागत नाही. महाराज मराठीतच बोलतात. इथे रोज एकच प्रश्न वेगवेगळ्या कपड्यांत येतो: माझं मन अशांत आहे, काय करू? आणि महाराज प्रश्नाऐवजी प्रश्न विचारणाऱ्याकडे वळतात. मन अशांत आहे हे कळलं कुणाला? जे कळतं, ते जाणणाऱ्याहून निराळं. मग ती अशांती आपल्या नावावर का लावून घेतली? ऐकणारा पुन्हा आपली कहाणी सांगू लागतो. महाराज पुन्हा त्याला कहाणीआधीच्या असण्याकडे आणतात. 

आणि मग ते चिडतात. कुणी पुस्तकी वाक्य फेकलं, की आवाज चढतो, हात हवेत जातो, खोली स्तब्ध होते. तुम्ही दचकता. ज्ञानी आणि राग? नीट बघा. राग आला, गरजला, आणि पुढच्याच मिनिटाला त्याच माणसाशी ते हसून बोलत आहेत, विडी शिलगावत आहेत. मागे काही उरलेलं नाही. मला कसा राग आला, मला येऊ नये होता, त्याने मला आणला, यातलं एकही वाक्य त्यावर चढलं नाही. अबोशीचा तो भिक्षू राग जायची वाट पाहत होता. इथे राग येतो आणि त्याला मुक्कामाला जागा मिळत नाही.

खाली गल्लीतून भंगारवाला ओरडत जातो. तो ऐकायचं तुम्ही ठरवलं नव्हतं. ऐकू आला, आणि तो भंगारवालाच होता.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. ‘विचार माझे नाहीत’ हे वाक्य फार सोयीचं आहे. त्याच्या आधारे माणूस बायकोची माफी मागायचं टाळतो, कर्ज बुडवतो, दुखावलेल्याला वर अद्वैत ऐकवतो. ज्याने विचाराची मालकी सोडली त्याने या वाक्याचीही सोडलेली असते. मीटिंगमध्ये तुमची सूचना दुसऱ्याच्या नावावर गेली असेल, तर उद्या जाऊन तसं सांगा. ते सांगायला धुमसण्याची गरज नसते, उलट धुमसणाऱ्याकडून ते धड सांगितलं जात नाही.

आता आणखी आठ वर्षं पुढे. तीच खोली, १९८०. महाराजांना घशाचा कर्करोग झाला आहे. दुभाषी बदलले आहेत. बँक ऑफ इंडियात वरिष्ठ पदावर राहिलेले रमेश बाळसेकर अनेकदा अनुवादाला बसतात. आवाज खरखरतो, तरी बोलणं चालू आहे, आणि ते पूर्वीपेक्षा कठोर झालं आहे. ‘आय ॲम दॅट’ वाचून आलेले लोक ‘मी आहे’ घट्ट धरून बसले आहेत, आणि महाराज तेच त्यांच्या हातून काढून घेत आहेत. ही असल्याची जाणीवसुद्धा अन्नाच्या सत्त्वावर टिकून आहे, ते सांगतात. अन्न आहे, देह आहे, तोवर ती आहे. न विचारता आली, न विचारता जाईल. ती यायच्या आधी तुम्हाला तिची उणीव भासत होती का?

या प्रश्नापाशी खोलीतले बरेच जण गडबडतात. विचार म्हणजे मी नव्हे, एवढं आनंदाने मान्य केलं होतं, कारण त्याबदली साक्षी नावाची उंच जागा मिळाली होती. मी विचारांचा साक्षी, मी शुद्ध जाणीव, मी इतरांहून जागा. हे नवं नाव जुन्या नावापेक्षा सोडायला जड जातं. ऑफिसातल्या अपमानाचा मालक शोधायला तुम्ही तयार होता, पण अबोशीला जे दिसलं त्याचा मालक? ‘मला दिसलं’ असं म्हणणारा तिथेही सगळ्यांत शेवटीच आला होता. बांकेई अजन्मा म्हणत होते ते दिसण्याच्या अनुभवाला म्हणत नव्हते, कारण अनुभवाला सुरुवात असते. महाराज आजारपणात याच टोकावर उभे राहून बोलतात. देहाला वेदना आहेत, हे ते लपवत नाहीत, आणि त्या वेदनांची कहाणीही करत नाहीत. १९८१ च्या ८ सप्टेंबरला, याच मुंबईत, ते जातील.

तुम्हाला एक शेवटचं विचारायचं असतं. आठवडाभर इथे बसून बरंच सुटल्यासारखं वाटतंय, ते घरी गेल्यावर टिकवायचं कसं, असं काहीसं. महाराज तुमच्याकडे पाहतात आणि विचारतात, किती दिवस झाले येऊन? खोली लहान आहे. आठ-दहा दिवस ऐकलं की माणसाला ते जायला सांगतात, कारण जिन्यावर दुसरे थांबलेले असतात. ऐकायचं ते ऐकून झालं, आता उठा, त्यांना बसू द्या.